हातगुणाचा हिशेब

ऑपरेशन टेबलावरचा रुग्ण जागा आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना तेवढाच भाग बधिर करून दोन छोटे छेद घेतलेत. सर्जननं आतल्या दोन रोहिण्या मोकळ्या करून ठेवल्यात. आता त्याच्या हाती एक बंद पाकीट दिलं जातं. आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच सूचना: रोहिण्या बांधा, किंवा बांधू नका. तो सांगितल्याप्रमाणे करतो आणि काहीही केलं असलं तरी वरून टाके सारखेच घालतो. रोहिण्या बांधल्या की नाही हे रुग्णाला कळत नाही, आणि पुढचे कित्येक महिने त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त १७. आठ जणांच्या रोहिण्या बांधल्या, नऊ जणांच्या नुसत्या उघडून पाहिल्या आणि झाकल्या. मला विचाराल तर गेल्या शतकातल्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हृदयरोपणापेक्षाही मोठी गोष्ट या १७ जणांच्या बाबतीत घडली. तिचा धडा आपण, म्हणजे सरकारं, विमा कंपन्या, डॉक्टर आणि तुमच्या-माझ्यासारखे रुग्ण, अजून नीट शिकलेलो नाही.

मुळात ही शस्त्रक्रिया आली कुठून? चालताना छातीत कळ येणाऱ्या, दोन जिने चढताना जिभेखाली गोळी ठेवावी लागणाऱ्या माणसांसाठी तेव्हा फारसं काही हाती नव्हतं. बायपास पुढच्या दशकातली, फुगा आणि स्टेंट त्याहून पुढचे. इटलीतल्या डॉक्टरांना एक युक्ती सुचली. छातीच्या आतल्या बाजूनं खाली उतरणाऱ्या दोन रोहिण्यांना हृदयाच्या आवरणाकडे जाणारे बारीक फाटे असतात. फाट्याच्या खाली रोहिणी बांधली तर अडलेलं रक्त त्या फाट्यातून हृदयाकडे वळेल. पाटाचं पाणी खाली अडवलं की बाजूच्या सरीत चढतं, हे ज्यानं शेत भिजवलंय त्याला वेगळं सांगायला नको. युक्ती इतकी पटणारी होती की तिच्यावर शंका घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. शिवाय ऑपरेशन सोपं, पूर्ण भूल नको, धोका कमी. अमेरिकेत ते झपाट्यानं पसरलं. बहुतेक रुग्णांना आराम पडल्याचे अहवाल आले, आणि एका मोठ्या खपाच्या मासिकानं १९५७ मध्ये त्याचं कौतुकही छापलं.

कॉब यांच्या १७ जणांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत काय दिसलं? रोहिण्या बांधलेल्या आठांपैकी पाच जण म्हणाले, खूप बरं वाटतं. न बांधलेल्या नऊपैकीही पाच जण हेच म्हणाले. जिभेखालच्या गोळ्यांची गरज बांधलेल्यांमध्ये सरासरी ३४ टक्क्यांनी कमी झाली. न बांधलेल्यांमध्ये ४२ टक्क्यांनी. त्याच सुमाराला कॅन्सस विद्यापीठात ग्रे डायमंड आणि सहकाऱ्यांनी १८ रुग्णांवर अशीच तुलना केली होती. तिथं फक्त कातडीवर छेद घेतलेल्या पाचही जणांना गुण आला. दोन छोटे अभ्यास, मिळून ३५ माणसं, आणि हजारोंवर होऊ शकली असती अशी एक शस्त्रक्रिया काही वर्षांत नाहीशी झाली.

‘गुण आला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे म्हणतात, अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. हातगुण. तोच काढा, तीच गोळी, पण देणारा हात वेगळा असला की उतार पडतो, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. मी याची टिंगल करणार नाही, कारण सिएटलच्या त्या नऊ जणांनी हातगुण खरा असतो हेच दाखवून दिलं. त्यांना बरं वाटलं ते ढोंग नव्हतं. गोळ्या खरोखरच कमी लागल्या. प्रश्न वेगळा आहे. हातगुणाला दोन टाके पुरत असतील तर रोहिणी कशाला बांधायची? आणि रोहिणी बांधण्याचे पैसे कुणी कशाला द्यायचे?

हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९६१ मध्ये याच अभ्यासांच्या आधारे लिहिलं की शस्त्रक्रियेचा नुसता बडिवारही उपचाराचं काम करतो, आणि उत्साही सर्जनच्या हाती तो जास्त करतो. विचार केला तर हे उघड आहे. गोळीच्या मानानं ऑपरेशनमध्ये काय काय असतं: आदल्या रात्रीचा उपास, घरच्यांचे पडलेले चेहरे, देवाला बोललेला नवस, हिरव्या कपड्यातले लोक, आणि उठल्यावर अंगावर कायमची खूण. एवढं सोसल्यावर ‘काही फरक नाही’ असं म्हणायला माणसाची जीभ रेटत नाही. त्यातून दुखणं असं, की ते आपोआपही कमीजास्त होतं. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखण्याचा कळस झालेला असताना. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. उतरतं, आणि श्रेय सुरीला जातं.

या सगळ्यात कुणी भामटा नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. मिनेसोटा विद्यापीठाचे ओवेन वँगनस्टीन हे त्या काळातले अत्यंत आदरणीय सर्जन, संशोधनावर जीव असलेले. पहिलं हृदयरोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड आणि उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे वॉल्टर लिलेहाय हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. याच वँगनस्टीन यांनी १९६२ मध्ये पोटातल्या अल्सरवर जठर गोठवण्याचा उपाय मांडला. रुग्णानं एक फुगा गिळायचा, त्यात शून्याखालच्या तापमानाचं द्रव तासभर खेळवायचं, म्हणजे आम्ल तयार करणाऱ्या पेशी थंडावतील. सुरी नको, टाके नको. यंत्रं विकली गेली, हजारो रुग्णांनी फुगे गिळले. मग पाच रुग्णालयांनी मिळून १६० रुग्णांवर तुलना केली. अर्ध्यांच्या फुग्यात गार द्रव, अर्ध्यांच्या फुग्यात अंगाइतकं कोमट पाणी. फरक शून्य. हा निकाल १९६९ मध्ये छापून आला. म्हणजे पहिल्या फुग्यापासून या निकालापर्यंत सात वर्षं. एवढा थोर माणूस चुकू शकतो, तर तालुक्याच्या गावात दिवसाला चार ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरनं आपल्या अनुभवावर किती विसंबावं?

अनुभवाची गोष्ट निघाली म्हणून. आमच्या लहानपणी घसा दोनदा धरला की टॉन्सिल काढायचे आणि वर आइस्क्रीम मिळायचं. ज्याचे काढले नाहीत तो पोरगा बिचारा समजला जायचा. हे वेड जगभर होतं. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली एक हजार शाळकरी मुलं पाहिली गेली. त्यातल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच गेलेले. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांचे काढा म्हणून सांगितलं. ‘ठीक आहेत’ म्हणून बाजूला काढलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, तर त्यांनी आणखी ९९ निवडली. राहिलेली ११६ तिसऱ्यांकडे, तर त्यांतूनही ५१. आणखी दोन-तीन डॉक्टर मिळाले असते तर न्यूयॉर्कात टॉन्सिल औषधालाही उरले नसते.

त्याच मधल्या काळात औषधांची वाट मात्र वेगळी झाली. ब्रिटनमध्ये क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन आलं तेव्हा ते सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं. युद्धानं खंगलेल्या देशाकडे डॉलर नव्हते. सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी या टंचाईचाच उपयोग केला. क्षयाचे १०७ रुग्ण, बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या. ५५ जणांना इंजेक्शनं आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळचा रूढ उपचार म्हणजे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार दगावले, दुसऱ्यातले १४. १९४८ चा हा निकाल. आज बहुतेक नवी औषधं बाजारात येतात ती याच वाटेनं. गर्भारपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधानं हजारो बाळं अपंग जन्मली, त्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेनं कायदाच केला: औषध निर्धोक असून भागणार नाही, ते काम करतं हे आधी सिद्ध करा. आपल्याकडेही नव्या औषधाला चाचण्यांचे टप्पे पार करून औषध नियंत्रकांची परवानगी लागते.

आणि सुरी? क्षयाचंच उदाहरण घ्या. त्याच दशकांत क्षयरोग्यांच्या बरगड्या काढून आजारी फुप्फुस कायमचं दाबून बसवत. रुग्ण एका बाजूला कललेला आयुष्य काढायचा. त्या बरगड्यांसाठी कुणी पाकिटं बनवली नाहीत. ती शस्त्रक्रिया गेली ती गोळ्यांमुळे, कुठल्या तुलनेमुळे नव्हे. मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तर पोर्तुगालच्या एगास मोनिश यांना १९४९ मध्ये नोबेल मिळालं, आणि अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून बर्फ फोडायच्या सुळ्यासारखं हत्यार घालून ती करत गावोगाव फिरले. तीही मागे पडली ती मुख्यतः औषधं आल्यावरच.

क्षयाच्या बाबतीत सगळ्यात धीट प्रश्न विचारला गेला तो आपल्या देशात. मद्रासमध्ये १९५६ ला सुरू झालेल्या केंद्रानं वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ गरीब रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं: खाट, चांगलं जेवण, विश्रांती, परिचारिका. बाकीचे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या अन्नावर राहिले. गोळ्या मात्र दोघांना सारख्याच, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. जगभरच्या सॅनेटोरियमच्या खाटा त्यानंतर रिकाम्या होत गेल्या. ‘गरीब देशाला असले अभ्यास परवडत नाहीत’ असं कुणी म्हणालं की मला मद्रास आठवतं. असले अभ्यास न करणं परवडत नाही ते गरीब देशालाच.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते फुटकळ नाहीत.

पहिला असा की फुटलेल्या अपेंडिक्सला, अडलेल्या बाळंतपणाला कसली चिठ्ठी टाकता? बरोबर आहे. जिथं न केल्यास माणूस डोळ्यांदेखत जातो आणि केल्यावर उठून बसतो, तिथं तुलनेची गरज नसते. माझं म्हणणं आहे ते दुखणं कमी व्हावं, चालणं सुधारावं, ‘बरं वाटावं’ म्हणून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांबद्दल, आणि आयुष्य किती वाढेल हे उघड दिसत नसताना ते वाढेल अशा आशेनं केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांबद्दल. गुडघा, मणका, छातीतली कळ, गर्भपिशवी. हातगुण सर्वांत जास्त चालतो तोही इथंच.

दुसरा आक्षेप सर्जन मंडळींचा: औषध सगळीकडे एकच असतं, हात एक नसतो, शिकाऊ हात आणि मुरलेला हात यांची सरासरी काढून काय मिळणार? यात तथ्य आहे. पण मग मुरलेल्या हातांनाच घेऊन तुलना करा. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी तेच केलं. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला कचरा धुऊन काढण्याचं ऑपरेशन तेव्हा सर्रास चाले. त्यांनी १८० माजी सैनिक घेतले, सगळी ऑपरेशनं स्वतः केली आणि काहींच्या गुडघ्यावर फक्त छेद देऊन टाके घातले. २००२ मध्ये छापलेल्या निकालात दोन वर्षांनंतरही कुठल्याही गटात फरक नव्हता. स्वतःच्या रोजच्या ऑपरेशनला अशा चाळणीतून काढायला छाती लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कुणाच्या तरी अंगावर खोटा छेद द्यायचा? डॉक्टरनं? सिएटलच्या त्या १७ जणांना फक्त एवढंच सांगितलं होतं की या शस्त्रक्रियेचं मूल्यमापन चाललंय. आपल्यातल्या निम्म्यांचं काहीच होणार नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती फसवणूक होती, निकाल कितीही मोलाचा असला तरी. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसीनच्या अभ्यासातही ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही त्यांना आपण अभ्यासात आहोत हेच माहीत नव्हतं. पण दोष लपवण्यात होता, तुलनेत नव्हता. मोझलींनी रुग्णाला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं की कदाचित माझं नुसतं नकली ऑपरेशन होईल आणि माझ्या गुडघ्याच्या झिजेला त्याचा काही उपयोग होणार नाही. विचारलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जण नको म्हणाले. १८० हो म्हणाले. प्रौढ माणसाला खरं सांगितलं तर तो ठरवू शकतो. आणि नैतिकतेचा काटा लावायचाच तर दोन्ही पारड्यांना लावा: १८० जणांना सांगून त्यांच्यातल्या काहींवर केलेला एक खोटा छेद, की लाखोंवर न सांगता, न तपासता केलेलं एक निरुपयोगी खरं ऑपरेशन?

तुलना म्हणजे शस्त्रक्रियेची दुश्मन, असा समज होऊ नये. स्टेंटचंच बघा. ब्रिटनमध्ये २०० रुग्णांवर झालेल्या तुलनेत २०१७ साली दिसलं की औषधं नीट चालू असताना, स्टेंट घातल्याचा नुसता देखावा केलेल्यांपेक्षा खरा स्टेंट घातलेल्यांची चालण्याची क्षमता म्हणण्यासारखी वाढली नाही. मोठा गदारोळ झाला. त्याच गटानं पुन्हा ३०१ रुग्ण घेतले, या वेळी कळेची औषधं थांबवून, आणि २०२३ मध्ये सांगितलं: आता खरा स्टेंट देखाव्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरतो. (हे स्थिर दुखण्याबद्दल. ऐन हृदयविकाराच्या झटक्यात स्टेंट जीव वाचवतो, तो वाद इथं नाही.) पहिल्या निकालावर रुसून न बसता प्रश्न बारकाईनं पुन्हा विचारला, म्हणून स्टेंट कुणासाठी आणि केव्हा हे जरा नीट कळलं. आपण काय केलं? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांपर्यंत आला. चांगलंच झालं. पण स्टेंट केवढ्याला यावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशानंही स्टेंट कुणाला यावर झाली नाही.

आणि मग बीड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत एक दिवस पडून राहिलं की खाडा, मुकादम पैसे कापणार. अंगावर जातं म्हणून डॉक्टरकडे जावं तर ‘पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’. इथं प्रश्न निव्वळ विज्ञानाचा नाही, शोषणाचा आहे, हे मला मान्य आहे. मुकादमाला कुठल्या चिठ्ठ्यांची तुलना सुधारणार? पण डॉक्टरला असं बेधडक सांगता येतं, कारण ऑपरेशनला हिशेब विचारायची आपल्याकडे रीतच नाही. फिनलंडमध्ये अंगावरून जास्त जाणाऱ्या २३६ बायकांची अशी तुलना झाली होती: निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना हार्मोनची तांबी. पाच वर्षांनी दोन्ही गटांचं जगणं सारखंच बरं होतं, आणि तांबीवाल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणींची पिशवी जागेवर होती. हा निकाल २००४ चा. बीडच्या वस्तीवर तो किती जणींना कुणी सांगितला असेल?

हे काम महाराष्ट्रात होऊ शकत नाही, असं म्हणायला जागा नाही, कारण ते मुंबईत झालेलं आहे. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी छातीचे स्नायूसुद्धा खरवडून काढत. विल्यम हाल्स्टेडनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजवलेली ती पद्धत जवळजवळ ८० वर्षं टिकली. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून १,६०० हून अधिक स्त्रियांवर तुलना केली आणि एवढं कापून आयुष्य वाढत नाही हे दाखवलं, तोवर तिला धक्का लागला नव्हता. फिशरना त्यासाठी आपल्याच बिरादरीच्या शिव्या खाव्या लागल्या. टाटा मेमोरियलमध्ये राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पुढचा प्रश्न घेतला: आजार शरीरभर पसरलेला असताना मूळ गाठ काढून उपयोग होतो का? २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रिया. ऑपरेशन झालेल्यांचं आयुष्य मध्यकानुसार (निम्म्या जणी ज्याहून जास्त जगल्या तो काळ) सुमारे १९ महिने, न झालेल्यांचं सुमारे २०. सर्जननी स्वतः हे शोधलं आणि २०१५ मध्ये जगापुढे ठेवलं. त्यानंतरच्या कितीतरी बायकांचं एक मोठं ऑपरेशन, त्याचा खर्च आणि उरलेल्या थोड्या महिन्यांतले रुग्णालयातले आठवडे यामुळे वाचू शकतात.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकीसमोर रक्कम आहे. दुखण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांसमोर आणखी एक रकाना असावा: हिची तुलना कशाशी, कुठं झाली आणि काय निघालं. जिथं तो रकाना कोरा राहील ती शस्त्रक्रिया बंद करा असं मी म्हणत नाही. ती काही वर्षं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, रुग्णाला सगळं सांगून, चिठ्ठी टाकूनच करावी आणि पैसे योजनेतूनच द्यावेत. नाहीतरी ते आपण देतोच आहोत. सुरुवात गुडघ्याची दुर्बीण, कंबरेचे मणके आणि पन्नाशीच्या आतल्या गर्भपिशव्या या तिघांपासून करावी. रकाना भरायचं काम ते ऑपरेशन करून पोट भरणाऱ्यांकडे देऊ नये, एवढी एक अट.